पोरीने गाडी काढली

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझ्या बायकोचं मत आहे. लग्नानंतर पंधरा दिवसांत बनवलेलं हे मत बदलावं असं आजवर तिला एकदाही वाटलेलं नाही. मी सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नाशिकच्या इंदिरानगरहून रोज सकाळी कंपनीची बस निघते, त्या बसमध्ये मला ‘दवंडी’ म्हणतात. एखाद्याची बदली झाली तर त्याला ती पत्राआधी माझ्याकडून कळते. यात माझ्या मनात वाईट काही नसतं, देवाशपथ. आनंदाची बातमी मला एकट्याला पचत नाही, एवढंच. चारचौघांत वाटली की हलकं वाटतं. आता ती बातमी मुळात माझी नसते, हा मुद्दा बायको काढते.

या सवयीची किंमत माझ्या मुलीने मोजली, म्हणून हे लिहितोय.

मुलगी इथेच इंजिनिअर झाली. मग तिने इंग्लंडमधल्या एका कोर्ससाठी अर्ज केला. विषय होता शर्यतीच्या गाड्या. प्रवेशाचं पत्र आलं त्याच आठवड्यात निफाडला आमच्या चुलत घराण्यात लग्न होतं. जेवणं उरकत आली होती, माइकवर एक जण आहेर पुकारत होता. मी त्याच्या हातातून माइक घेतला. काय बोललो ते आठवत नाही. ज्यांना आठवतं ते सांगतात की मी ‘लवकरच विमानात बसणार’ असं म्हणालो आणि टाळ्यासुद्धा मागितल्या. मुलगी बायकांच्या पंगतीत बसली होती. तिने मान खाली घातली ती वर केली नाही. मला वाटलं, लाजतेय.

महिन्याभराने व्हिसा नाकारला गेला. कागदात काहीतरी कमी पडलं होतं. पुढचं वर्षभर जो भेटेल तो तिला विचारायचा, “काय मग, कधी निघतेस?” भाजीवाली विचारायची, सोसायटीचा वॉचमन विचारायचा. ती लग्नांना जायची बंद झाली. हळदीकुंकवाला आईबरोबर जायची, तेही बंद झालं. माझ्यावर ती एका शब्दाने चिडली नाही. फक्त मला काही सांगायची थांबली. ‘जेवलीस का’ला ‘हो’, ‘कसं चाललंय’ला ‘चाललंय’. दुसऱ्या खेपेला तिचं सगळं जमलं, तेव्हा मला ते तिच्या जायच्या आठ दिवस आधी कळलं, नवी बॅग घरात आली म्हणून. बायकोला चार महिने माहीत होतं. मी दोघींना काही विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं, आणि जे होतं त्यानेच तर घोटाळा केला होता.

कोर्स संपवून ती तिकडेच नोकरीला लागली. कंपनी म्हणजे एक नवीकोरी टीम. जगभर फिरत ज्या मोठ्या शर्यती होतात, एकेका देशात एकेक, त्यांत उतरायची तयारी करणारी. आता शर्यतीची टीम म्हणजे मला वाटायचं, एक गाडी, एक ड्रायव्हर, दोन मेकॅनिक आणि चहा आणणारा एक. तिने आईला सांगितलं, शेकडो माणसं आहेत. आणि गंमत म्हणजे तेव्हा त्यांच्याकडे गाडीच नव्हती. शर्यतीत उतरायची परवानगीसुद्धा पक्की नव्हती. आधीपासून शर्यतीत असलेल्या टीमना नवा भिडू नको होता. पंगत बसलीय, पानं वाढून झालीत, आणि एक पाहुणा उशिरा येऊन ‘जरा सरका’ म्हणतोय, तेव्हा बसलेले जसे बघतात तसं ते सगळे बघत होते. तरी या लोकांनी कारखाना उभारला, माणसं घेतली, आणि दुसऱ्यांच्या शर्यती चालू असत तेव्हा आपल्या कारखान्यात पडद्यांसमोर बसून, आपली गाडी पळतेय असं समजून, रीतसर तालीम करायचे. चाकं बदलायचीही तालीम, नकली गाडीची. मी बसमध्ये सांगितलं, नवरी ठरली नाही आणि बँडवाले रोज वाजवून बघतायत. सगळे हसले. माझ्या मनात मात्र होतं की परवानगीविना वर्ष काढणं म्हणजे काय, ते माझ्या पोरीला आधीच ठाऊक होतं.

तिचं काम काय, हे सांगताना माझी अडचण व्हायची. गाडीचं अंग लोखंडाचं नसतं, काळ्या कार्बनच्या कापडाचं असतं. ते कापड कापायचं, साच्यात थरावर थर बसवायचं, मग भट्टीत घालायचं, की ते पोलादाहून चिवट होतं. मुलगी त्या विभागात. निफाडला माझी थोरली बहीण असते, तिला आम्ही आक्का म्हणतो. हे सगळं ऐकून ती म्हणाली, “म्हंजे इतकं शिकून, समुद्रापार जाऊन, कापडच बेतते?” पण मग तिनेच विचारलं, कापड सरळ कापतात की तिरपं? कारण ताण घ्यायचा तर तिरपं पाहिजे, ब्लाउजचा गळा तिरप्या कापडाचा म्हणून तर बसतो. मी हे मुलीला कळवलं. तिचं उत्तर आलं, ‘आत्याला सांगा, इथे हे शिकवायला तीन आठवडे घेतले.’ लहानपणी सुट्टीत ती आक्काकडेच तर असायची, शिलाई मशीनखाली बसून चिंध्या गोळा करत.

शेवटी परवानगी आली, गाडी तयार होऊ लागली आणि अनावरणाची तारीख जाहीर झाली. जगभर दिसणार होतं, आपल्याकडे संध्याकाळी. तोवर गाडी कुणी पाहायची नाही, फोटो नाही, एक शब्द नाही. सगळ्यांकडून सह्या घेतलेल्या. विशेषतः रंग. तो रंग ही त्यांची मोठी गंमत होती.

त्याआधीच्या एका रविवारी संध्याकाळी फोन वाजला. बायको भाजीला गेली होती आणि मोबाइल घरी विसरली होती, म्हणून मी घेतला. पडद्यावर मुलगी. केस विस्कटलेले, डोळे लाल आणि चेहरा दिवाळीच्या पहाटे उठवल्यावर असायचा तसा.

“मम्मी कुठेय?”

मी म्हटलं, बाजारात. येईल अर्ध्या तासात.

ती थांबली. मला वाटलं, नेहमीसारखं ‘नंतर करते’ म्हणेल. मी बटण दाबायला अंगठा पुढे केलाही होता.

“पप्पा,” ती म्हणाली, “तुम्हाला सांगू का? पण तुम्ही…” आणि वाक्य तिथेच सोडलं. पुढचं मला पाठ होतं.

मी काही कबूल केलं नाही, शपथ घेतली नाही. घेतली असती तर तिने सांगितलंच नसतं. मी फक्त उठून दाराची कडी लावली. घरात मी एकटाच होतो, तरी लावली. ते बघून तिला हसू आलं.

“आज गाडी रंगवून आली. मी पहिल्यांदा पूर्ण बघितली. आत्याच्या बागेतल्या काळ्या द्राक्षांचा रंग आहे, पप्पा. तसाच. हात न लागलेल्या मण्यावर वरून ती पांढुरकी झाक असते ना, तीसुद्धा आहे.” मग ती एकदम हळू म्हणाली, “मम्मीलासुद्धा नाही सांगायचं. नोकरी जाईल माझी.”

बायको कोथिंबीर घेऊन आली तेव्हा मी कडी लावून सोफ्यावर ताठ बसलो होतो. तिने विचारलं, कडी कशाला? मी म्हटलं, वारा होता.

अनावरणाला नऊ दिवस होते. नऊ दिवस! माझा आजवरचा उच्चांक इंदिरानगर ते सिन्नर एवढाच होता, तोही रस्ता मोकळा असेल तर.

पहिले दोन दिवस मी बसमध्ये झोपेचं सोंग घेतलं. तिसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला. द्राक्षांची काढणी जोरात होती, बागेत टेम्पो भरायचा चालला होता, क्रेट आपटल्याचे आवाज येत होते. माझ्यासाठी एक क्रेट बाजूला ठेवलाय, हे सांगायला फोन. मग विचारलं, पोरगी काय म्हणते? आता हे विचारल्यावर मी गप्प बसणं आक्काला आजारपणाचं लक्षण वाटलं असतं. म्हणून जेवढं जगाला माहीत होतं तेवढंच, अगदी मोजून सांगितलं, “तिच्या टीमने गाडी काढलीय, पुढच्या आठवड्यात दाखवणार आहेत.”

टेम्पोच्या आवाजात ‘टीम’ कुठे गेली कोण जाणे. आक्काला ऐकू आलं ते, ‘तिने गाडी काढलीय.’

आणि आपल्याकडे गाडी काढली म्हणजे काय ते सांगायला नको. शोरूममधून हार घालून घरी आणली. संध्याकाळपर्यंत निफाडमधले सगळे नातेवाईक फोनवर. पोरीने परदेशात गाडी काढली! पेढे कुठे? एवढ्यावर भागलं असतं तर मी खुशाल पेढे वाटले असते. पण गाडी काढली म्हटल्यावर पहिला प्रश्न काय असतो?

रंग कोणता?

प्रत्येकाचा हाच प्रश्न. चुलत्याचा, मावसभावाचा, दुसऱ्या दिवशी बसच्या ड्रायव्हरचा. किती पळते विचारा, कुठल्या कंपनीची विचारा, लिटरला किती देते विचारा. नाही. रंग. सगळ्या जगात मला एकच गोष्ट सांगायची नव्हती आणि सगळं जग मला तीच विचारत होतं.

मी एकदा गैरसमज दूर करायचा प्रयत्न केला. मावसभावाला म्हटलं, अरे तिने नाही, टीमने, शर्यतीची गाडी आहे ती. तो म्हणाला, असं का, मग तर रंग भारी असेल. माझ्या जिभेच्या टोकाशी द्राक्षाचा मणी येऊन बसला. मी फोन ठेवला आणि ठरवलं, राहू दे. गैरसमज आहे तोच बरा आहे. पांढरी, मी सांगू लागलो. कोणता रंग? पांढरी. आपल्याकडे निम्म्या गाड्या पांढऱ्याच असतात, कुणाला आश्चर्य वाटत नाही.

आक्कानेही विचारलं. तिला आरशाला टांगायला क्रोशाचं तोरण करायचं होतं, गाडीला शोभेल अशा रंगाचं. “पांढरी,” मी म्हटलं. ती म्हणाली, “बरं.”

सातव्या दिवशी मुलीचा फोन आला, थेट मला. असं कधी होत नसे. व्हिडिओ नाही, नुसता आवाज.

“पप्पा, आत्याचा तीन दिवसांपूर्वीचा मेसेज आत्ता बघितला. गाडी काढल्याचं अभिनंदन, आणि रंगाचं विचारतेय. तुम्ही काय सांगितलंत तिला?”

आवाज चढलेला नव्हता. व्हिसा नाकारल्यावर होता तसा, सपाट. बायको समोर मेथी निवडत होती, तिचे हात थांबले. मी सगळं सांगितलं. टेम्पो, क्रेट, टीम गायब कशी झाली, मावसभाऊ, पांढरी. सांगताना माझं मलाच ते इतकं बनावट वाटू लागलं की मी तिच्या जागी असतो तर विश्वास ठेवला नसता.

“ते मी सांगितलेलं नाही,” मी शेवटी म्हटलं. “कुणालाच नाही.”

पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत होती. मग ती म्हणाली, “बरं.” आणि फोन ठेवला.

दोन ‘बरं’ मिळाले होते मला त्या आठवड्यात आणि दोन्हींचा अर्थ लागत नव्हता. बायकोने विचारलं, ते म्हणजे काय? काय नाही सांगितलं कुणाला? मी म्हटलं, तुला नाही सांगता येणार. तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य तिने माझ्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. कपाळाला हात लावून बघेल असं वाटलं. पण तिने पुढे विचारलं नाही. जुडी परत उचलली.

अनावरणाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. दुपारी आक्का आली. एका हातात द्राक्षांचा क्रेट आणि दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत नारळ, हळदकुंकू, चार लिंबं. “तिकडं कोण पूजा करनार तिच्या गाडीची? फोन लावा, हितून करू.” आता मात्र सांगणं भाग होतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की गाडी तिची नाही, टीमची आहे. एकच माणूस बसतो, वर छत नाही, हॉर्न नाही, आणि आरशाला तोरण टांगायची सोय नाही. चाकाखाली लिंबू ठेवलं तर ते लोक आधी लिंबाची तपासणी करतील.

आक्काने सगळं ऐकून घेतलं. “आन डिक्की?”

डिक्कीही नाही, मी म्हटलं.

“मग बाजाराला न्यायची कशी?” असं म्हणून तिने नारळ पिशवीत परत ठेवला आणि टीव्हीसमोर मांडी घातली. लिंबं मात्र टीव्हीखाली ओळीने मांडलीच. कुणाची का असेना, तिच्या भाचीने कापड बेतलेली गाडी होती.

कार्यक्रम सुरू झाला. खूप वेळ कोट घातलेली माणसं बोलत होती. कुणीतरी म्हणालं की आम्हाला नको म्हणणारे खूप होते, तेवढं मला समजलं. मग दिवे मंद झाले, गाडीवरचं कापड सरकायला लागलं, आणि मी गाडीकडे बघतच नव्हतो. मी आक्काकडे बघत होतो.

गाडी दिसली. बायको म्हणाली, “अगंबाई.” काळी म्हणावी तर जांभळी, जांभळी म्हणावी तर काळी, आणि वरून ती झाक.

आक्काने क्रेटमधून एक घड उचलला, देठाला धरून, मण्यांना बोट न लावता, आणि टीव्हीच्या बाजूला धरला. बघत राहिली. मग म्हणाली, “तुला माहीत होतं.”

मी मान हलवली. कधीपासून, बायकोने विचारलं. नऊ दिवस, मी म्हटलं.

“मला तवाच समजलं व्हतं,” आक्का म्हणाली. “रंग इचारला तर म्हनला, पांढरी. एक शबुद. भाऊ, तू खरं बोलतो तवा एका शबदावर कधी थांबतो का? पांढरी असती तर शोरूमपास्नं सुरू केलं असतं. म्हनलं, पोरीचं काहीतरी झाकतोय. झाकू दे. मी पुन्यांदा नाय इचारलं.”

मग पिशवीतून तिने तोरण काढलं. लाल, पिवळं, हिरवं, निळं, तिच्याकडे होते तेवढ्या सगळ्या रंगांच्या लोकरीचं. “तुझ्या पांढऱ्यावर इश्वास नव्हता, म्हनून कुठल्याबी गाडीला चालंल असं केलं.”

पडद्यावर कॅमेरा गाडीभोवती फिरत होता. पुढच्या बाजूला, नाकाच्या डावीकडे एक वळलेली पट्टी आहे, तिचे थर मुलीच्या हातचे, हे तिने रविवारच्या त्या फोनवर सांगितलं होतं. ती पट्टी दिसली असेल दोन सेकंद. मी उठलो आणि तिथे बोट ठेवलं. तोवर कॅमेरा पुढे गेला होता आणि माझं बोट कुणा कोटवाल्याच्या नाकावर होतं. तिघंही हसलो. आक्का हसता हसता पदराने डोळे टिपत होती.

फोन तासाभराने आला. आधी आक्काने घेतला. तिरप्या कापडावर दोघी बराच वेळ बोलल्या. तोरण कुरिअरने पाठव, मुलगी म्हणाली, अवजारांच्या पेटीवर लावते. मग बायको बोलली. मग मुलगी म्हणाली, पप्पांना दे. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो.

खाली मुलं क्रिकेट खेळत होती.

“नऊ दिवस, पप्पा,” ती म्हणाली. “मी रोज रात्री जगभरच्या बातम्या उघडून बघायचे. वाटायचं, आज कुठेतरी येणार, नाशिकहून फुटलं म्हणून.”

मी म्हटलं, मीही रोज बघायचो. ती हसली. मग जरा वेळाने तिचा आवाज बदलला, लहानपणी पांघरुणात शिरून बोलायची तसा.

“अजून एक आहे. हे गाडीचं नाही, माझं आहे. अजून काही नक्की नाही, म्हणून मम्मीला इतक्यात नको. सांगू?”

मी गॅलरीचं दार ओढून घेतलं.

तिने सांगितलं. मी ऐकलं. मध्ये एकदाही बोललो नाही, याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी होती.

आत आलो तेव्हा आक्का लिंबं गोळा करत होती. बायको ओट्याशी होती, भाकरी थापत. पाठमोरीच म्हणाली, “काय म्हणत होती एवढं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

तिचा हात परातीत थांबला. आक्काने लिंबू हातात धरून वर बघितलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग बायकोने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, “हात धुऊन घ्या. जेवायला बसा.”